पाठीवरची पावलं

शाहूपुरीच्या मागच्या बोळात गैबी पिंजारी येतोय हे आधी कानाला कळायचं आणि मग डोळ्याला. खांद्यावरच्या पिंजणाची, म्हणजे कापूस पिंजायच्या धनुष्याची, तात तो बोटानं छेडत यायचा, आणि त्या टणत्काराबरोबर घराघरांतून दबलेल्या, गोळे झालेल्या गाद्या उन्हात यायच्या. बहात्तरचा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती. त्या हिवाळ्यात गैबीच्या एका खांद्यावर पिंजण असायचं आणि दुसऱ्या खांद्यावर मुलगी. मुलगी काही तान्ही नव्हती, चांगली चौथीत जाणारी होती. मेहमुदा तिचं नाव. बापाच्या डोक्याला धरून ती उंचावरून आरोळी द्यायची, "गादी भरून घ्या, गादी," आणि लोक कौतुकानं हसायचे.

हसायची नाही ती एक चिमणाबाई. ती गैबीच्या दाराला लागून राहायची, कोपऱ्यावर भाजी विकायची आणि जिभेला लगाम म्हणून कधी घालायची नाही. मेहमुदाला खांद्यावर बघितलं की तिचं ठरलेलं असायचं, "गैबी, पोरीला पाय हायत हे तू इसरलास ते इसरलास, आता पोरगीबी इसरंल की."

गैबी मान खाली घालून पुढं जायचा. त्याला उत्तर देता येत नव्हतं, कारण उत्तर पीराच्या दारात अडकलं होतं.

त्याचं असं झालं होतं. आषाढात पोरांच्या पैजेपायी मेहमुदा रंकाळ्याकाठच्या चिंचेवर चढली आणि ओल्या फांदीवरून खाली आली. उजव्या पायाची नडगी मोडली. तिला दोन्ही हातांवर घेऊन गैबी सरकारी दवाखान्यात पळत गेला तेव्हा तिचा पाय गुडघ्याखाली भलतीकडंच वळलेला होता. आत डॉक्टर हाड बसवत होते, मुलगी ओरडत होती, आणि बाहेर भिंतीला डोकं टेकून गैबी टेकडीवरच्या पीरसाहेबांना हाक मारत होता. हाक मारता मारता तो बोलून गेला, की हाड जुळू दे, पोरीला उरसाला तुझ्या उंबऱ्यावर आणतो, आणि तोवर तिचा पाय जमिनीला लागू देत नाही.

हे बोलणं त्याला कुठून सुचलं ते सांगतो, म्हणजे त्याला कोणी वेडा म्हणणार नाही. पीराला चादर न्यायची तर ती डोक्यावरून न्यायची असते. वाटेत कितीही मान अवघडली तरी ती भुईवर ठेवायची नाही. फुलांची परडी असो, संदलाचं ताट असो, रीत तीच. जे पीराचं ते मध्ये कुठं टेकवायचं नसतं. गैबीनं तोच हिशेब पायाला लावला. पीर पाय देणार, मग तो पाय पीराचा. उंबऱ्यापर्यंत तो वाहूनच न्यायला पाहिजे.

हाड जुळलं. दसऱ्याला प्लास्टर निघालं. आतून जो पाय बाहेर आला तो सोललेल्या उसाच्या कांड्यासारखा पांढुरका आणि बारीक होता, पण सरळ होता. गैबीनं त्या पायाचं चुंबन घेतलं आणि मुलीला खांद्यावर टाकलं. त्या दिवसापासून तिचा पाय भुईला लागला नाही. शाळेत बाप न्यायचा, बाप आणायचा. न्हाणीत आई न्यायची. उरूस माघात होता.

घरात खुराक सुरू झाला. आईनं, म्हणजे जुलेखानं, बकऱ्याच्या पायाचा रस्सा शिजवायचा, गैबीनं गंगावेशीच्या कट्ट्यावरून म्हशीचं धारोष्ण दूध आणायचं. मेहमुदाचे गाल वर आले, पोट वर आलं, पण पाय होता तिथंच राहिला. दिवाळी झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी बोलावलं होतं, म्हणून बापलेक दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंचं नाव अरुणाबाई. कुरुंदवाडकडच्या जैनाच्या घरातल्या. आवाज बारीक, पण बोलणं स्वच्छ. त्यांनी दोन्ही पायांचा फोटो काढायला लावला आणि तो खिडकीच्या उजेडाला धरला. डाव्या नडगीच्या कडा चुन्याच्या रेघेसारख्या ठसठशीत पांढऱ्या होत्या. उजवी नडगी जुळलेली दिसत होती, पण विरलेल्या धोतरातून उजेड यावा तशी ती फिकी होती.

बाईंनी मेहमुदाला विचारलं, चालतेस ना. मेहमुदानं बापाकडं बघितलं. मग गैबीनं सगळं सांगितलं. सांगताना त्याला वाटत होतं, आता बाई हसणार नाहीतर रागावणार. बाईंनी त्यातलं काहीच केलं नाही. त्या म्हणाल्या, हात दाखवा तुमचे. गैबीनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. ज्या हातानं तो जन्मभर लाकडी दस्ता तातेवर हाणत आला तो उजवा हात डाव्यापेक्षा सहज दीडपट दिसत होता. बाईंनी त्याचं मनगट चाचपलं आणि मेहमुदालाही चाचपायला लावलं.

"नुसतं मांस नाही हं हे," त्या मुलीला म्हणाल्या. "आतलं हाडसुद्धा जाड आहे. हाड म्हणजे घराची तुळई नव्हे, एकदा घातली की आजोबांपासून नातवापर्यंत तशीच. हाडात गवंडी असतात, डोळ्याला न दिसणारे. काही जुनं काढून टाकतात, काही नवं भरतात. वरून भार आला, ठोका बसला, की भरणाऱ्यांना हाक जाते. भारच आला नाही, तर भरणारे बसून राहतात आणि काढणारे आपले काढत राहतात."

"मग दूध पितो त्ये?" मेहमुदानं विचारलं.

"दूध म्हणजे वीट आणि चुना. गाडीभर आणून टाकलं दाराशी, पण गवंड्याला कोणी सांगितलंच नाही, तर भिंत उभी राहते का?"

मेहमुदा हसली. गैबीला हसू आलं नाही. त्यानं विचारलं, उरसापर्यंत थांबलं तर काय बिघडतं. बाईंनी फोटोवरच्या फिक्या रेघेवर बोट ठेवलं. जुळलेलं हाड मोडतं ते असंच, त्यांनी सांगितलं. महिनोन्‌महिने पडून राहायचं आणि एक दिवस एकदम टेकडी चढायला जायचं. रोज थोडा भार द्यायचा, थोडा वेळच, आणि मग विसावा. हाक भारानं जाते, भरणं विसाव्यात होतं. दोन्ही पाहिजेत.

"खाटंवर उभी करू का मग?"

"करा की."

गैबी विचारात पडला. खाटेचे पाय जमिनीवरच. फळी घातली तरी ती जमिनीवरच. पीराला फसवायला ही काय बाजारातली घासाघीस होती? त्यानं मेहमुदाला उचलून खांद्यावर घेतलं. निघताना बाई एवढंच म्हणाल्या, "नवस तुमचा आहे, गैबीभाई. पाय तिचा आहे."

हे वाक्य त्याच्या कानात तातेसारखं घुमत राहिलं. दुसऱ्या दिवशी तो दर्गा सांभाळणाऱ्या मुजावराकडं गेला. मुजावर म्हातारा आणि भला माणूस. त्यानं मोरपिसांचा कुंचा गैबीच्या पाठीवर फिरवला आणि म्हणाला, पीर मोठ्या मनाचा हाय, चूक झाली म्हण, मी नवस सोडवून देतो. गैबी उठून उभा राहिला. त्यानं विचारलं, "पीरानं हाड अर्धं जुळवून दिलंय का? मग मी अर्ध्या वाटंत कसा सोडू?" मुजावरानं कुंचा खाली ठेवला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. नवस मोडावा तर हाड मोडेल ही भीती, आणि नवस पाळावा तरी हाड मोडेल ही भीती. त्यातून एक नवीनच गोष्ट गैबीच्या लक्षात आली. प्लास्टर निघालं तेव्हा मेहमुदा रोज हट्ट करायची, खाली सोडा म्हणायची. आता ती म्हणत नव्हती. दारात पोरं लंगडी खेळायची आणि ती उंबऱ्याआड पाय पोटाशी घेऊन बघत बसायची. गैबीनं एकदा सहज विचारलं, उरसाला चालशील न्हवं? तर ती म्हणाली, "मोडंल की अब्बा." चिमणाबाईचं बोलणं खरं होऊ लागलं होतं.

थंडी वाढली तशा गाद्या वाढल्या. दिवसभर वाकून पिंजून गैबीची पाठ ताठून जायची. पूर्वी पाठ अशी धरली की तो कापसाच्या खोलीत पालथा पडायचा आणि मेहमुदा पाठीवर चढून पाठ तुडवायची. ते तिचंच काम होतं. चिंचेवरून पडल्यापासून ते बंद झालं होतं. एका संध्याकाळी पाठ फारच धरली म्हणून त्यानं जुलेखाला तुडवायला सांगितलं. जुलेखा अंगानं भरलेली. तिनं एक पाय ठेवला आणि गैबीच्या तोंडून असा आवाज निघाला की कोपऱ्यातली मांजर उठून गेली. जुलेखा पदरात तोंड लपवून हसायला लागली.

मेहमुदा खाटेवर बसून बघत होती. ती म्हणाली, "मी तुडवतो की."

गैबी म्हणाला, उतरायचं न्हाय खाली, म्हायती हाय न्हवं.

"खाली कुठं उतरतोय? अम्मा उचलून ठेवंल." मग थोडं थांबून ती म्हणाली, "तुमची पाठ म्हंजे जमीन न्हवं की, अब्बा."

गैबी तोंड जमिनीकडं करून तसाच पडून राहिला. डोक्यावरून चादर नेतात तेव्हा नेणाऱ्याचे पाय जमिनीवरच असतात, पण चादर माणसावर असते. माणसानं वाहिलं ते टेकवलं असं कोणी म्हणत नाही. पोरगी खांद्यावर चालते, मग पाठीवर का चालू नये? दोन्ही त्याचंच अंग. यात फसवणूक कुठं होती? उलट नवस तर हाच होता, की मी वाहीन.

"आण तिला," तो म्हणाला.

जुलेखानं मुलीला उचलून त्याच्या पाठीवर उभं केलं. वर आढ्याला एक दोर बांधलेला होता, घरी पिंजताना पिंजण टांगायला. मेहमुदानं दोन्ही हातांनी तो दोर घट्ट धरला. आधी डावा पाय बसला. तो पाय गैबीच्या ओळखीचा होता, टाचेचा ठसा पहिल्यासारखाच. मग उजवा आला. तो पाय नव्हताच जणू. कापसाचा पेळू कोणी पाठीवर ठेवावा तसा. तो थरथरत होता, आणि ते थरथरणं गैबीच्या बरगड्यांपर्यंत पोचत होतं. दोराला जवळजवळ लोंबकळूनच ती उभी होती.

"लागतंय का?"

"न्हाय. भ्या वाटतंय."

"मलाबी," गैबी म्हणाला. "हळू टाक."

जन्मभर कापूस हाताळलेला माणूस. मुठीत घेतलेला कापूस किती भरेल ते तो न मोजता सांगायचा. आता ती पारख त्याच्या पाठीत उतरली. रोज संध्याकाळी मुलगी पाठीवर चढायची, दोर धरायची, आणि तो डोळे मिटून त्या एका पायाचं वजन घ्यायचा. काल पेळू होता, आज सुताची गुंडी. आठवड्यानं उशीएवढा झाला. जसा पायात भार यायचा तसा वर दोर सैल पडायचा. एक दिवस तिनं दोराचा एक हात सोडला आणि त्या हातानं नाक पुसलं, तिच्या ध्यानातही आलं नाही. जुलेखाच्या आलं. तिनं चुलीकडं तोंड फिरवलं आणि डोळे पुसले.

आता गैबीला घाई झाली. काम चाललंय म्हटल्यावर माणूस जे करतो तेच त्यानं केलं. सकाळ-संध्याकाळ तुडवणं झालं, मग दुपारचं झालं. दोर सोडून उडी मार म्हणाला. मेहमुदाही आता चेकाळली होती. ती एकसारख्या उड्या मारत राहिली आणि बोळातल्या पोरांना दारातून दाखवत राहिली. चौथ्या-पाचव्या दिवशी नडगी दुखायला लागली आणि तिच्यावर हात ठेवला की गरम लागू लागली.

मुलीला खांद्यावर टाकून गैबी दवाखान्यात धावला. अरुणाबाईंनी पाय दाबून बघितला, पुन्हा फोटो काढला, आणि मग विचारलं, केलंत काय. गैबीनं खाली मान घालून पाठीची गोष्ट सांगितली. बाई खुर्चीत मागं रेलून इतक्या हसल्या की बाहेरची नर्स डोकावून गेली. मग चष्मा पुसून त्यांनी तो नवीन फोटो खिडकीला धरला. फिकी रेघ आता फिकी राहिली नव्हती.

"मोडलं नाही," त्या म्हणाल्या. "गवंडी कामाला लागलेत. पण तुम्ही त्यांना जेवूच देत नाही. संध्याकाळी काम संपलं की तातेचं काय करता तुम्ही?"

"सैल सोडतो."

"का?"

गैबी उत्तर द्यायला गेला आणि थांबला. रात्रभर ताणून ठेवलेली तात सकाळी पहिल्याच दस्त्याला तुटते, हे त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं आणि त्यानं मेहमुदालाही शिकवलं होतं. मेहमुदाच पुढं होऊन म्हणाली, "तुटती म्हणून."

बाईंनी आठवडाभर पाठ बंद करायला सांगितली. मग दिवसातून एकदा, मन भरायच्या आधी उतरायचं. दुखलं तर दुसऱ्या दिवशी सुट्टी. उड्या शेवटी, त्याही थोड्या. आणि चढण चढायची म्हणून टाच वर-खाली करायला शिकवलं. बाईंनी ते खुर्चीला धरून स्वतः करून दाखवलं.

त्या आठवड्यात गैबीला विसाव्याची किंमत कळली. काही न करणं हे त्याला पिंजण्यापेक्षा जड गेलं. पण आठवड्यानं मुलगी पुन्हा पाठीवर चढली तेव्हा त्याच्या बरगड्यांनी बरोबर ओळखलं. पाय सुट्टीतच भरला होता. थरथर गेली होती. मग थंडीभर तसंच चाललं, थोडा भार आणि थोडा विसावा. पौष सरला तेव्हा वरचा दोर नुसताच लोंबत होता. मेहमुदा कमरेवर हात ठेवून बापाच्या पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत फेऱ्या मारायची आणि पाढे म्हणायची.

उरसाच्या दिवशी सगळा बोळ टेकडीला निघाला. गैबीनं मेहमुदाला खांद्यावर घेतलं, जुलेखानं चादर डोक्यावर घेतली, आणि चिमणाबाई तोंडाला पदर लावून मागं चालू लागली. वाटेत पुंग्या, बत्तासे, रेवड्या. टेकडीला दगडी पायऱ्या. पोरगी आता वजनाला जड झाली होती. गैबीचा श्वास फुलला, पण तो कुठंही टेकला नाही. दर्ग्याच्या आवारात पोचल्यावर मुजावरानं गर्दी बाजूला केली. उंबरा काळ्या दगडाचा होता, गुडघ्याच्या जरा खालपर्यंत येईल इतका उंच.

उंबऱ्यापुढं गैबी खाली बसला आणि मुलीला खांद्यावरून उतरवलं.

आषाढानंतर तिचे पाय पहिल्यांदा जमिनीला लागले. जमीन पाठीसारखी नव्हती. ती थंड होती, टणक होती, आणि तिच्यात खालून श्वासाची वर-खाली नव्हती. मेहमुदाचा हात सवयीनं दोराकडं गेला. तिनं वर बघितलं. वर दोर नव्हता, आभाळ होतं. गैबीचे हात आपोआप पुढं झाले.

"धरू नगा," ती हळूच म्हणाली.

त्यानं हात मागं घेतले. आयुष्यात इतकं जड काही त्यानं उचललं नसेल जितके ते दोन रिकामे हात मागं घेताना त्याला जड झाले. उंबरा चढायचा तर एक पाय आधी वर टाकावा लागणार होता, आणि सगळं अंग त्या एका पायावर उचलावं लागणार होतं. मेहमुदा क्षणभर दोन्ही पायांकडं बघत राहिली. मग तिनं उजवा पाय वर ठेवला. मोडलेला. टाच टेकवली, दात आवळले, आणि अंग वर घेतलं. नडगी हलली नाही. डावा पाय मागून सुटून वर आला. ती उंबऱ्यावर उभी राहिली, पलीकडं उतरली, आणि बापाकडं वळून बघायचंही विसरून सरळ आत चालत गेली, जणू काही रोज येते.

चादर चढली. ऊद जळाला. गैबी रडतोय हे गैबीला सोडून सगळ्यांना दिसत होतं. चिमणाबाई पुढं आली, पोरीच्या तोंडावरून हात फिरवून तिनं कानशिलावर बोटं कडाकडा मोडली आणि म्हणाली, "पाय कुठला रं मोडलाता हिचा? मला तर दोन्ही खणखणीत दिसत्यात." बोळातल्या लोकांनी ऐकलेलं तिचं ते पहिलंच गोड बोलणं.

परत निघताना गैबी सवयीनं खाली वाकला. खांद्यावर कोणी बसलं नाही. मान वर करून बघतो तर मेहमुदा पायऱ्या उतरत होती, पुढं, पोरांच्या घोळक्यात, एका हातात रेवड्या आणि दुसऱ्या हातात कुणाचीतरी पुंगी. जुलेखा मागून ओरडली, सावकाश. पोरगीनं पुंगी वाजवली. उतार संपला तिथं ती बसली, थोडा वेळ पाय पसरून, कुणी सांगितलं नसताना. मग उठून पुन्हा चालू लागली. शाहूपुरीपर्यंत ती आपल्या पायांनी आली. मोकळ्या हातांचं काय करायचं ते न कळून गैबी ते पाठीमागं बांधून तिच्यामागून चालत राहिला, सावकारासारखा.

संध्याकाळी त्याची पाठ मात्र बोलायला लागली. एवढी टेकडी चढल्यावर ती बोलणारच होती. तो कापसाच्या खोलीत पालथा पडला. मेहमुदा दारातून चालत आली, चालतच त्याच्या पाठीवर चढली आणि तुडवू लागली. गैबीनं डोळे मिटले आणि सवयीप्रमाणं वजन घ्यायला लागला. एक पाय. दुसरा पाय. मग पुन्हा एक.

"कुठला उजवा गं?" त्यानं विचारलं.

"वळखा," मेहमुदा म्हणाली.

त्याला ओळखता येईना.